दूरस्थ लिनक्स सर्व्हरवरील व्हीपीएन जोडणी

सार्वजनिक इंटरनेटवरून संगणकांमध्ये कूटबद्ध खासगी मार्ग (व्हीपीएन) उभारण्यासाठी, दुसऱ्या ठिकाणी असलेल्या लिनक्स सर्व्हरवर एसएसएचद्वारे (दुरून यंत्राला आज्ञा देण्याच्या सुरक्षित पद्धतीने) लॉगिन करून केलेली मांडणी. पूर्वी यासाठी प्रामुख्याने ओपनव्हीपीएन हे सॉफ्टवेअर वापरले जाई. वायरगार्ड हे व्हीपीएनचे दुसरे सॉफ्टवेअर मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) ५.६ आवृत्तीत समाविष्ट झाल्यापासून नव्या मांडणीसाठी तेच सोयीचे ठरते.

ग्रामीण विदर्भात या मांडणीची गरज वेगळ्या कारणाने भासते. पांढरकवडा किंवा वणीकडील एखाद्या जिनिंगमधील वजनकाट्याचा संगणक मोबाइल डेटावर चालत असेल, तर मोबाइल कंपनी एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांना वाटून देत असल्यामुळे नागपुरात बसलेल्या मालकाला त्या संगणकापर्यंत सहसा थेट पोहोचता येत नाही. म्हणून स्थिर सार्वजनिक पत्ता असलेला सर्व्हर भाड्याने घेऊन दोन्ही टोके त्याला जोडतात. जिनिंगकडील संगणक दर २५ सेकंदांनी एक लहानसे पॅकेट (माहितीचा तुकडा) पाठवत राहिला की मार्ग उघडा राहतो.

प्रत्येक टोकाला खासगी आणि सार्वजनिक अशा दोन की (कूटबद्धतेच्या किल्ल्या) तयार होतात. सार्वजनिक की व्हॉट्सॲपवर पाठवली तरी चालते, खासगी की मात्र त्या यंत्राबाहेर जाता कामा नये. सर्व्हरवर वायरगार्डची पॅकेट आत येण्याचे द्वार, म्हणजे यूडीपी पोर्ट, बहुधा ५१८२०, खुले करावे लागते, तेही यंत्राच्या फायरवॉलमध्ये आणि सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या पॅनेलवर; दुसरी जागा हमखास विसरली जाते. शिवाय एका टोकाची पॅकेट दुसऱ्याकडे जावीत म्हणून सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग (आलेली पॅकेट पुढे पाठवण्याची सोय) चालू असणे आवश्यक असते.

वायरगार्डच्या मांडणीच्या फाइलमधील ‘अलाउड आयपीज’ या ओळीत सर्व्हरवर प्रत्येक टोकाचा फक्त अंतर्गत पत्ता लिहावा. तेथे ०.०.०.०/०, म्हणजे ‘सगळे पत्ते’, लिहून जोडणी चालू केल्यास सर्व्हरची सगळी वाहतूक बोगद्यात, म्हणजे या खासगी मार्गात, वळते आणि ज्या एसएसएचवरून काम चालले आहे तेच बहुधा तुटते. त्यामुळे दहा मिनिटांनी जोडणी आपोआप बंद करणारी आज्ञा आधीच लावून ठेवणे शहाणपणाचे असते.

वायरगार्ड चुकीची की किंवा बंद पोर्ट यांबद्दल समोरच्याला काहीच कळवत नाही. शेवटचे हँडशेक (दोन्ही टोकांनी एकमेकांची ओळख पटवणे) कधी झाले, एवढाच खरा पुरावा. भारनियमनानंतर जिनिंगकडील संगणक पुन्हा चालू झाला, पण मदरबोर्डवरील बॅटरी संपल्याने त्याचे घड्याळ मागे गेले असेल, तर आधीच्या हँडशेकपेक्षा जुना वेळशिक्का असलेली विनंती सर्व्हर मुकाट्याने नाकारतो. अशा वेळी की बदलत बसण्यापेक्षा बॅटरी बदलावी, आणि वेळ जुळवणारी एनटीपी सेवा बोगद्याबाहेरून चालेल असे पाहावे.