हॅलिबटची हौशी मासेमारी : हुआन दे फूका सामुद्रधुनी

कॅनडाचे व्हँकूव्हर बेट आणि अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिक द्वीपकल्प यांच्यामध्ये हुआन दे फूका ही सुमारे १५४ किमी. लांबीची सामुद्रधुनी आहे. दोन देशांची सागरी सीमा तिच्या मधोमध जाते. पॅसिफिक हॅलिबट हा तळाशी राहणारा अजस्र चपटा मासा या सीमेच्या दोन्ही अंगांना मिळतो. विकण्यासाठी नव्हे, तर हौसेखातर आणि घरच्या ताटासाठी तो गळाने धरण्याची प्रथा दोन्ही किनाऱ्यांवर चांगलीच रुजली आहे. अमेरिकेच्या बाजूला नीआ बे, सीक्यू व पोर्ट अँजेलिस, तर कॅनडाच्या बाजूला व्हिक्टोरिया, सूक, पोर्ट रेन्फ्रू व बॅमफील्ड ही या मासेमारीची ठाणी. आपली होडी नेमक्या कोणत्या देशाच्या पाण्यात आहे, याकडे येथल्या हौशी माणसाला माशाइतकेच लक्ष द्यावे लागते. रेषा ओलांडली की परवाना बदलतो, हंगाम बदलतो, माशाच्या लांबीची मर्यादा बदलते. इतकेच काय, नांगर टाकण्याचा कायदेशीर अर्थही बदलतो.

हिप्पोग्लॉसस स्टेनोलेपिस हे या माशाचे शास्त्रीय नाव. माद्या नरांपेक्षा खूप मोठ्या होतात. अडीच मीटर लांबीच्या आणि २०० किलोपेक्षा जास्त वजनाच्या माद्या सापडल्या आहेत. वयाची नोंद ५५ वर्षांपर्यंत गेलेली आहे. अंड्यातून निघालेले पिलू चारचौघा माशांसारखे उभे पोहते आणि त्याला दोन बाजूंना दोन डोळे असतात. पुढे डावा डोळा डोक्यावरून सरकत उजवीकडे येतो, मासा आडवा होतो, वरची बाजू तपकिरी-हिरवट बनते आणि खालची पांढरी राहते. कोकणच्या बाजारात मिळणारे भाकस आणि लेप हे याच चपट्या माशांच्या गणातले. पण आकाराने ते त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. हिवाळ्यात हॅलिबट खंडीय उतारावरच्या खोल पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळ्यात खाण्यासाठी उथळ उंचवट्यांवर येतो. अंडी व पिले प्रवाहाबरोबर वायव्येकडे, अलास्काच्या आखाताच्या दिशेने वाहत जातात. वाढलेले मासे कित्येक वर्षे घेत उलट दिशेने, पूर्वेकडे व दक्षिणेकडे सरकतात. म्हणजे व्हिक्टोरियासमोर गळाला लागलेला मासा लहानपणी अमेरिकेच्या हद्दीत वाढलेला असू शकतो. दोन देशांना एकत्र बसून या माशाचा विचार करावा लागला, याचे मूळ या प्रवासात आहे.

सीमारेषा माशांचा विचार करून आखलेली नाही. अमेरिका आणि तेव्हा कॅनडावर राज्य करणारे ब्रिटन यांच्यातील १८४६ च्या ऑरेगन तहाने ४९ व्या अक्षवृत्ताची रेषा समुद्रापर्यंत आणली आणि पुढे ती खाडीच्या मध्यातून, फूका सामुद्रधुनीच्या मध्यातून पॅसिफिकपर्यंत जाईल असे ठरवले. खाडी म्हणजे नेमकी कोणती, यावरून सॅन हुआन बेटांवर वाद पेटला. १८५९ मध्ये एका डुकराच्या हत्येवरून दोन्हीकडची सैन्ये समोरासमोर आली. अखेर १८७२ मध्ये जर्मनीचा सम्राट पहिला विल्हेल्म याने लवाद म्हणून अमेरिकेच्या बाजूने निवाडा दिला. सामुद्रधुनीतल्या रेषेबद्दल आता वाद नाही. तिच्या मुखाबाहेर, मोकळ्या समुद्रात मात्र तिचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. दोन्ही देश समान अंतराचे तत्त्व मानतात, पण किनाऱ्यावरचे मूळ बिंदू वेगवेगळे धरतात. त्यामुळे दोघांच्या रेषांत थोडासा फरक पडतो.

या रेषेचा सर्वांत जुना फटका बसला तो मकाह लोकांना. नीआ बे हे त्यांचे गाव. सामुद्रधुनीच्या मुखाशी असलेला स्विफ्टशुअर बँक हा उंचवटा म्हणजे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे हॅलिबटचे शेत. समोरच्या व्हँकूव्हर बेटावरचे डिटिडाट आणि पाचीडाट हे त्यांचे भाषाबंधूही तिथेच येत. लाकूड वाफवून, वाकवून केलेला मकाहांचा हॅलिबटचा गळ ही कारागिरीची कमाल आहे. त्याच्या तोंडाची रुंदी अशी राखलेली असते, की फार लहान आणि फार मोठा मासा त्यात अडकत नाही. अमेरिकेशी १८५५ मध्ये केलेल्या नीआ बे तहात मकाहांनी जमीन दिली, पण नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. १९७७ मध्ये दोन्ही देशांनी २०० सागरी मैलांचे मत्स्यक्षेत्र जाहीर केले, तेव्हा बराचसा स्विफ्टशुअर कॅनडाकडे गेला. तहाने दिलेला हक्क अमेरिकेपुरता होता. रेषेपलीकडे त्याला कोणी विचारीना.

व्यापारी मासेमारी १८८८ मध्ये रेल्वेच्या आधाराने सुरू झाली. बर्फात ठेवलेला मासा पूर्वेकडच्या शहरांत जाऊ लागला आणि तीस वर्षांच्या आत मासा घटल्याचे दोन्हीकडच्यांच्या लक्षात आले. २ मार्च १९२३ रोजी झालेला हॅलिबट करार त्यातून निघाला. मासेमारीबाहेरच्या इतिहासातही त्याला जागा आहे. ब्रिटिश राजदूताच्या सहीशिवाय कॅनडाने स्वतःच्या सहीने केलेला हा पहिला आंतरराष्ट्रीय करार. एका देशाच्या स्वायत्ततेची पहिली सही माशावर झाली, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. या करारातून उभा राहिलेला आंतरराष्ट्रीय पॅसिफिक हॅलिबट आयोग आज सिएटलमधून काम करतो. त्यात दोन्ही देशांचे तीन-तीन सदस्य असतात. आयोग दर हिवाळ्यात कोणत्या पट्ट्यातून किती मासा काढायचा ते ठरवतो. वॉशिंग्टन, ऑरेगन व कॅलिफोर्निया मिळून २ए, ब्रिटिश कोलंबिया २बी आणि आग्नेय अलास्का २सी असे हे पट्टे आहेत. १९७९ च्या सुधारणेनंतर व्यापारी बोटींना एकमेकांच्या पाण्यात हॅलिबट धरणे बंद झाले. हौशी माणसाला मात्र दुसऱ्या देशाचा परवाना विकत घेऊन पलीकडे जाता येते. या नोंदीचा विषय शिल्लक उरला तो या सवलतीमुळे.

दोन्हीकडचे नियम सारखे नाहीत आणि ते दरवर्षी बदलतात. अमेरिकेच्या बाजूला मासा कमी आणि भागीदार जास्त. २ए पट्ट्याच्या वाट्यातला ३५ टक्के हिस्सा तहाने हक्क मिळालेल्या जमातींचा असतो. उरलेल्यात तिन्ही राज्यांचे हौशी लोक आणि व्यापारी बोटी. वॉशिंग्टनमध्ये हौशी हॅलिबटला बरीच वर्षे महिने मिळत नसत, मोजके वार मिळत. मे महिन्यातले ठरावीक गुरुवार-शनिवार, कोटा उरला तर पुढचे आणखी काही. माणशी दिवसाला एक मासा, वर्षाला ठरलेली मर्यादा आणि धरलेला मासा लगेच नोंदवण्यासाठी वेगळे कार्ड. लांबीची अट नाही. मोजक्या वारांच्या पद्धतीने कोटा सांभाळला जाई हे खरे, पण तिची वाईट बाजूही होती. उघडलेल्या दिवशी वारा सुटलेला असला, तरी माणसे लहान होड्या घेऊन समुद्रात जात, कारण तो दिवस गेला तर हंगामच गेला.

कॅनडात हंगाम लांब, पण मोजपट्टी कडक. ब्रिटिश कोलंबियाच्या वाट्यातला ८५ टक्के हिस्सा व्यापाऱ्यांचा आणि १५ टक्के हौशींचा, हे प्रमाण २०१२ पासून आहे. त्याआधी ते ८८ आणि १२ होते. एवढ्यात भागावे म्हणून ठेवण्याजोग्या माशाची कमाल लांबी ठरवली जाते. गेल्या काही वर्षांत ती ११५ ते १३३ सेंमी.च्या दरम्यान वरखाली झाली आहे. १२६ सेंमी.चा हॅलिबट साधारण २५-२६ किलोचा भरतो. त्याहून मोठी म्हणजे बहुधा अंड्यांवर येणारी मादी, आणि ती सोडावी लागते. घरी फोटो दाखवण्याजोगा राक्षसी मासा रेषेच्या एका बाजूला नेता येतो आणि दुसऱ्या बाजूला तोच सोडून द्यावा लागतो. हौशी लोकांत याबद्दल कुरकुर असते. शास्त्राच्या बाजूने पाहिले तर कॅनडाचा नियम शहाणपणाचा वाटतो.

सर्वांत चमत्कारिक भाग नांगराचा. कॅनडाचा सीमाशुल्क कायदा पूर्वी परदेशी होडीने पाण्यात शिरताच वर्दी द्यावी, असा होता. २०१७ मध्ये तो सैल झाला. अमेरिकेतून आलेली होडी कॅनडाच्या पाण्यात शिरून परत जाणार असेल, किनाऱ्याला लागणार नसेल, नांगर टाकणार नसेल आणि दुसऱ्या होडीला टेकणार नसेल, तर वर्दीची गरज नाही. वाहत्या होडीतून साल्मन धरणाऱ्याला ही सूट छान जमते. पण हॅलिबट धरण्याची या सामुद्रधुनीतली आवडती रीत म्हणजे नांगर टाकून बसणे. म्हणजे रेषेपलीकडच्या उंचवट्यावर होडी नुसती वाहू दिली तर तो फेरफटका आणि नांगर पडला की परदेशप्रवेश! मासेमारीचा परवाना दोन्ही वेळी लागतोच. परतल्यावर अमेरिकी अधिकाऱ्यांना वर्दी देण्याची सोय आता मोबाइल ॲपवरही आहे. मार्च २०२० ते ऑगस्ट २०२१ या साथीच्या काळात तर अमेरिकी हौशी होड्यांना पलीकडे जाणेच बंद होते.

नांगराला एवढे महत्त्व असण्याचे कारण भरती-ओहोटी. सामुद्रधुनीत पाणी जोरात ये-जा करते, म्हणून जाणते लोक उधाणाचे दिवस टाळून भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी मंद असण्याचे, दिवस निवडतात. नांगराला साखळी, पुढे खोलीच्या तिप्पट दोर आणि दोराच्या टोकाशी मोठा तरंगता फुगा. होडी या फुग्याला अशी बांधतात की एका झटक्यात सुटावी. पन्नास वाव (सुमारे नव्वद मीटर) पाण्यात किलोभर शिसे तळाला टेकवले जाते. शिसे आणि गळ यांच्यात तारेचा कोन असतो, म्हणजे दोर गुंतत नाही. गळावर अख्खी हेरिंग, साल्मनच्या पोटाचा पट्टा किंवा चिवट ऑक्टोपस. त्याचा वास प्रवाहाबरोबर उंचवट्यावर पसरतो आणि मासा वासाच्या मागावर वर चढत येतो. आधी येतात त्या मुशी आणि पाकट. आमिष कुरतडून जाणे हा त्यांचा धंदा, आणि या पाण्यात बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडी त्यांच्यासाठी शिव्या असतात. हॅलिबट लागल्यावर काठी दोन-तीनदा सावकाश लवते. इथे हिसका देणारा माणूस मासा घालवतो. गोल गळ वापरत असतील तर काठी जागेवरच राहू द्यायची आणि ती पूर्ण वाकली की रीळ फिरवायला लागायचे.

मासा मोठा निघाला तर होडी फुग्यापासून सोडतात आणि त्याच्या मागे जातात. सीमेजवळ गोष्ट अडते ती इथे. व्हिक्टोरियासमोरच्या कॉन्स्टन्स बँकच्या दक्षिणेला बॉर्डर बँक नावाचाच एक उंचवटा आहे. अशा जागी माशामागे वाहत गेलेली होडी पंधरा मिनिटांत दुसऱ्या देशात पोहोचू शकते. म्हणून अनुभवी लोक नकाशावरच्या रेषेपासून चांगले अंतर राखून नांगर टाकतात. पृष्ठभागापाशी आलेला हॅलिबट गरीब दिसतो, पण उजेड दिसला की पुन्हा तळ गाठतो. होडीत जिवंत घेतलेल्या मोठ्या माशाच्या शेपटीने माणसांची हाडे मोडली आहेत. त्यामुळे पाण्यातच दोरीचा भाला मारतात, कल्ले कापून रक्त जाऊ देतात आणि शेपूट व डोके एकत्र बांधून मगच वर घेतात. कॅनडाच्या बाजूला भाला उचलण्याआधी होडीच्या कडेलाच मोजपट्टी धरावी लागते. मारलेला मासा लांबीत जास्त भरला तर त्याला परत सोडण्यात अर्थ नाही.

तळावर हॅलिबटबरोबर रॉकफिश जातीचे मासेही गळाला लागतात. त्यातला पिवळ्या डोळ्यांचा यलोआय शंभरीपार जगतो आणि फार हळू वाढतो. खोलातून झटकन वर आणला की आतला हवेचा फुगा सुजतो आणि त्याला पुन्हा खाली जाता येत नाही. अशा माशाला वजन लावून खोलात सोडण्याचे साधन वॉशिंग्टनच्या होड्यांवर सक्तीचे आहे. यलोआयसाठी काही पट्टे हॅलिबटलाही बंद ठेवलेले आहेत. स्विफ्टशुअरवर दक्षिणेकडच्या निवासी ओर्का देवमाशांसाठी कॅनडाने २०१९ पासून उन्हाळी निर्बंध घातले. वरून सामुद्रधुनीच्या मुखातून सिएटल व व्हँकूव्हरकडे जाणाऱ्या अवाढव्य जहाजांचे मार्ग जातात. १९७९ पासून दोन्ही देश या वाहतुकीवर मिळून नजर ठेवतात. ऑगस्टच्या धुक्यात या मार्गावर नांगर टाकून बसणे म्हणजे वेडेपणा.

याच माशासाठी दुसरी सीमा उत्तरेला, ब्रिटिश कोलंबिया व अलास्का यांच्यामधल्या डिक्सन प्रवेशमार्गात आहे. १९०३ च्या लवादाने आखलेली ए-बी रेषा हीच सागरी सीमा असे कॅनडा म्हणतो, तर अमेरिका रेषेच्या दक्षिणेला समान अंतराची रेषा धरते. मधल्या पाण्यात दोघेही आपापला हक्क सांगतात. तिथे कॅनडाच्या हैदा ग्वाई द्वीपसमूहातल्या लँगारा बेटावरची मासेमारीची विश्रामगृहे एका बाजूला आणि अलास्काचे प्रिन्स ऑफ वेल्स बेट दुसऱ्या बाजूला आहे. अलास्कात स्वतःच्या होडीने जाणाऱ्याला दिवसाला दोन हॅलिबट धरता येतात. भाड्याच्या बोटीतून वाटाड्यासह जाणाऱ्यावर मात्र आग्नेय भागात एकाच माशाची मर्यादा असते. त्यातही मधल्या लांबीचा मासा सोडावा लागतो, लहान किंवा फार मोठा तेवढा ठेवता येतो.