आजी, मावशी, आत्या आणि सतरावं गुणसूत्र

पॉल ब्रोका हे नाव वैद्यकात आलं ते मेंदूतल्या वाचाकेंद्रामुळे. पण पॅरिसच्या या शल्यविशारदाने १८६६ साली गाठींवरच्या आपल्या ग्रंथात एका कुटुंबाची वंशावळही छापली होती. त्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या स्तनाच्या कर्करोगाने दगावत होत्या. ते कुटुंब म्हणजे त्यांच्या पत्नीचं माहेर, असं मानलं जातं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं या निरीक्षणाला कुणी फारसं पुढे नेलं नाही. घरातल्या माणसांना जे दिसत होतं, ते डॉक्टरांच्या लेखी योगायोग होतं. कर्करोग म्हणजे विषाणू, धूर, रसायनं, वय. रक्तातून उतरणारा कर्करोग ही घरगुती समजूत.

ती समजूत गांभीर्याने घेणारा माणूस म्हणजे अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातले हेन्री लिंच. ओमाहाच्या क्रेटन विद्यापीठातले हे डॉक्टर समाजसेविका ॲन क्रश यांना घेऊन लोकांच्या घरी जात. कोण कशाने गेलं, कितव्या वर्षी गेलं, आत्याचं काय झालं, चुलत बहिणीचं काय, असं विचारून ते वंशावळी भरत. १९७१ साली दोघांनी तीन कुटुंबांचा अहवाल प्रसिद्ध केला. या घरांत स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग एकाच धाग्याने आल्यासारखा दिसत होता. दोन अवयव, दोन वेगळे डॉक्टर, दोन वेगळी दप्तरं. त्यामुळे हा संबंध रुग्णालयात बसून दिसणं कठीणच होतं. तो दिसला घरच्यांच्या आठवणीतून. संशोधनाला पैसे मिळवताना लिंच यांना वर्षानुवर्षं नकार पचवावे लागले, हेही इथे नोंदवायला हवं.

कॅलिफोर्नियात संशोधक मेरी-क्लेअर किंग यांनी १९७४ च्या सुमारास हाच प्रश्न गणिताच्या बाजूने हाती घेतला. सोळा-सतरा वर्षं त्या एका जनुकाच्या मागे होत्या, आणि स्तनाच्या कर्करोगासारख्या सर्रास आढळणाऱ्या आजारामागे एखादं एकच जनुक असू शकतं हे बहुतेकांना पटत नव्हतं. अडचण खरीच होती. हा रोग इतक्या बायकांना होतो की एखाद्या घरात तीन-चार जणी निव्वळ योगायोगानेही सापडतात. किंग यांच्या गटाने २३ कुटुंबं एका ओळीत लावली: ज्या घरात रोग सर्वात कमी वयात येतो ते आधी, उशिरा येतो ते शेवटी. अशी मांडणी केल्यावर पहिल्या सात घरांत सतराव्या गुणसूत्रावरची एक खूण (डीएनएचा ओळखता येणारा तुकडा) आजाराबरोबर पिढी-दर-पिढी उतरताना दिसली. पुढच्या घरांत ती विरत गेली. ही तपासलेली १८३ वी खूण होती. ऑक्टोबर १९९० मध्ये सिनसिनाटीच्या अधिवेशनात किंग यांनी हे सांगितलं आणि पुढच्याच वर्षी लिंच यांच्यासह इतर संशोधकांनी स्तन-अंडाशयाच्या कुटुंबांत तीच जागा दाखवली.

मग त्या जागेवरचं नेमकं जनुक, म्हणजे बीआरसीए-१, शोधून काढायची शर्यत लागली. सप्टेंबर १९९४ मध्ये ती जिंकली युटा राज्यातल्या मार्क स्कोल्निक यांच्या गटाने आणि त्यांच्या मिरियड जेनेटिक्स या कंपनीने. युटाच का? तिथल्या मॉर्मन समाजात घरं मोठी आणि पूर्वजांच्या नोंदी ठेवणं हे धर्मकर्तव्य. या वंशावळी राज्याच्या कर्करोग नोंदवहीशी जोडल्या की संशोधकाला आणखी काय हवं! आपल्याकडेही कुलवृत्तांतांचे जाडजूड ग्रंथ आहेत, त्र्यंबकेश्वरी उपाध्यांच्या वह्या आहेत. पण त्यांत बहुतेक करून मुलग्यांच्या शाखा वाढतात, लग्न होऊन गेलेल्या मुली ओळीतून गळतात आणि कोण कशाने गेलं याचा पत्ता नसतो. हजारो नावं, पण डॉक्टरच्या उपयोगाचं एकही पान नाही.

बीआरसीए-१ पाठोपाठ १९९५ साली ब्रिटनमध्ये मायकेल स्ट्रॅटन यांच्या गटाने तेराव्या गुणसूत्रावरचं बीआरसीए-२ शोधलं. ही जनुकं मुळात डीएनएची दुरुस्ती करणारी. प्रत्येकात त्यांच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. बिघडलेली प्रत पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता प्रत्येक अपत्याला निम्मी, मुलगा असो वा मुलगी. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा धोका बीआरसीए-१ चा दोष असलेल्या स्त्रीला सुमारे ७२ टक्के आणि बीआरसीए-२ चा दोष असलेल्या स्त्रीला ६९ टक्के. अंडाशयाचा अनुक्रमे ४४ आणि १७.

जनुक सापडण्याआधीच मिशिगनमध्ये एक प्रसंग घडला होता. फ्रान्सिस कॉलिन्स आणि बार्बरा वेबर यांच्या अभ्यासात रक्त दिलेली एक तरुणी भीतीपोटी दोन्ही स्तन काढून घेणार होती. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली. संशोधकांच्या हातातली माहिती मात्र सांगत होती की घरातला दोष तिच्यात उतरलेलाच नाही. अभ्यासाच्या नियमात निकाल कळवणं बसत नव्हतं. त्यांनी तिला सांगितलं. मग साहजिकच बाकीचे नातलगही विचारू लागले. वडिलांकडून नातं असल्याने स्वतःला सुरक्षित समजणाऱ्या एका स्त्रीत दोष निघाला आणि तपासणीत लहानशी गाठही सापडली. हा आजार आईच्याच बाजूने येतो, ही समजूत आजही जात नाही.

अशा घरांना मार्गदर्शन करणारं तेव्हा जवळजवळ कुणीच नव्हतं. फ्लोरिडातल्या पशुवैद्य सू फ्रीडमन यांना १९९६ मध्ये, ३३ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. उपचार झाले, पण आनुवंशिकतेचा विषय त्यांच्यापर्यंत पोहोचला तो पुढे वाचनात आलेल्या एका लेखामुळे. चाचणीत बीआरसीए-२ चा दोष निघाला. १९९९ मध्ये त्यांनी फोर्स ही संस्था काढली. ज्यांना कर्करोग झालेला नाही पण होण्याची दाट शक्यता आहे, अशा निरोगी बायकांना रुग्णांच्या गटात जागा नव्हती आणि निरोग्यांच्यातही नव्हती. ती इथे मिळाली. संस्थेच्या अधिवेशनात एक बंद खोली असे. शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या बायका तिथे नव्या बायकांना आपले व्रण, पुनर्रचना केलेले स्तन प्रत्यक्ष दाखवत. डॉक्टरांच्या माहितीपत्रकापेक्षा त्या खोलीत निर्णय लवकर होत असतील, यात मला शंका नाही. पुढे फोर्सने सदस्यांना संशोधनाच्या प्रश्नांतही सामील करून घेतलं आणि २०१० मध्ये अमेरिकी संसदेकडून या आजारासाठी जागृती सप्ताह मिळवला.

निर्णयांना आधार देणारे आकडेही त्याच काळात येत होते. प्रतिबंधक स्तनशस्त्रक्रियेने धोका सुमारे ९० टक्के घटतो, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाने १९९९ मध्ये दाखवलं. अंडाशय आणि बीजवाहिन्या काढण्याचा फायदा २००२ मध्ये सिद्ध झाला. अंडाशयासाठी भरवशाची लवकर-निदान चाचणी नाही, म्हणून ही शस्त्रक्रिया महत्त्वाची. मुलं झाल्यावर, साधारण पस्तिशी-चाळिशीत ती सुचवली जाते. अकाली रजोनिवृत्तीची किंमत त्यात आलीच.

अमेरिकेत चाचणीवर मात्र जनुकांच्या पेटंटमुळे मिरियडची मक्तेदारी होती. दर तीन हजार डॉलरहून जास्त, आणि तोच निकाल दुसऱ्या प्रयोगशाळेतून पडताळायची सोय नाही. मे २००९ मध्ये रुग्ण, डॉक्टर आणि संघटना न्यायालयात गेल्या. १३ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की निसर्गात आहे तसा डीएनए नुसता वेगळा काढला म्हणून त्यावर पेटंट मिळणार नाही. त्याच दिवशी दुसऱ्या प्रयोगशाळांनी आपल्या चाचण्या जाहीर केल्या. महिनाभर आधी अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी आपल्या प्रतिबंधक स्तनशस्त्रक्रियेविषयी लिहिलं होतं, त्यामुळे जग या निकालाकडे लक्ष लावून होतं. २०१४ च्या डिसेंबरात ओलापॅरिब हे औषध आलं. कर्करोगाच्या पेशीत बीआरसीएची दुरुस्ती आधीच बंद असते. हे औषध दुरुस्तीची दुसरी वाटही अडवतं आणि पेशी मरते.

भारतात हा विषय मुख्यतः टाटा मेमोरियलमधून वाढला. डॉ. राजीव सरीन यांच्या पुढाकाराने तिथे कर्करोग-आनुवंशिकीचं काम उभं राहिलं, खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्याच संशोधन केंद्रात प्रयोगशाळा आली. पूर्व युरोपातल्या ज्यूंमध्ये दर चाळिसात एकाकडे बीआरसीएच्या तीन ठरावीक दोषांपैकी एखादा आढळतो; त्या तिन्हींतला १८५डेलएजी हा दोष दक्षिण भारतीय रुग्णांतही पुन्हापुन्हा मिळाला. बाकी भारतीयांत दोषांची विविधता मोठी. जगभरची माहिती प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांची असल्याने आपल्या अहवालांवर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा जास्त पडतो. तो शेरा हाती असलेल्या बाईने शस्त्रक्रियेचा निर्णय त्यावरून घेऊ नये, असं समुपदेशक बजावतात. पुरेसे नातलग तपासले गेले तर काही वर्षांनी शेरा बदलतो.

आणि नातलग तपासायला येणं हेच इथे अवघड आहे. लग्नाच्या मुलीच्या नावावर असा अहवाल नको म्हणून चाचणी पुढे ढकलणारी घरं आहेत. आजी ‘पोटाच्या दुखण्याने’ गेली, यापलीकडे वंशावळीत काही लिहिता येत नाही. विम्याची भीतीही खोटी नाही. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने आरोग्यविमा आणि नोकरीत जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला बंदी घातली, जीवनविमा मात्र त्यातून सुटला. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका हृदयविकाराच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने ‘सगळे जनुकीय विकार वगळून’ हे विमा कलम फार ढोबळ आणि भेदभावाचं ठरवलं. बीआरसीएचा अहवाल पिशवीत घेऊन विम्याचा अर्ज भरणाऱ्या घराला तेव्हा मिळालेला तो मोठा आधार होता.