अमेरिकी स्टोनवेअर क्रॉक : माती, कालवे आणि कुंभार

अमेरिकेतल्या जुन्या वस्तूंच्या लिलावात करड्या रंगाच्या, पोटावर निळा पक्षी किंवा फूल रेखलेल्या जाडजूड बरण्या हजारो डॉलरना जातात. तिथे त्यांना क्रॉक म्हणतात. एकेकाळी त्यांत खारवलेलं मांस, लोणी, काकड्यांचं लोणचं, आंबवलेला कोबी असायचा.

त्याआधी घरोघरी लाल मातीची भांडी होती. त्यांच्या झिलईत शिसं असे आणि आंबट पदार्थात ते उतरे. क्रॉक ज्याचे असत त्या स्टोनवेअरला, म्हणजे मोठ्या आचेवर भाजून दगडासारख्या घट्ट झालेल्या मातीच्या भांड्यांना, शिशाची गरजच नव्हती. जर्मनीच्या ऱ्हाइन खोऱ्यातून आलेल्या रीतीप्रमाणे भट्टी सुमारे १२५० अंश सेल्सिअसला पोचली की तिच्यात मीठ टाकत. त्याची वाफ मातीतल्या सिलिकाशी संयोग पावून भांड्यावर काचेसारखा थर बसे. कोबाल्टचा निळा रंग एवढी आच सोसतो, म्हणून चित्रं निळी.

पण इतकी आच सोसणारी माती जागोजागी मिळत नाही. न्यू जर्सीतल्या साउथ अँबॉयची माती नावाजलेली होती. १८२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातला ईरी कालवा पूर्ण झाल्यावर ती यूटिका, रॉचेस्टरसारख्या आतल्या गावांत पोचू लागली. बरणीवर गावाचा शिक्का असला तरी माती मात्र लांबची. व्हरमाँटमधल्या बेनिंग्टनला नॉर्टन घराण्याने १७९३ पासून शतकभर हा धंदा केला. भागीदार बदलला की शिक्का बदले, त्यामुळे 'जे. अँड ई. नॉर्टन' दिसलं की संग्राहक १८५० ते १८५९ हा काळ सांगू शकतो. मिनेसोटातल्या रेड विंगमध्ये स्थानिक मातीवर मोठे कारखाने उभे राहिले. तिथे हातचं चित्र मागे पडलं आणि लाल पंखाचा छाप आला. पुढे काचेच्या बरण्या, डबे आणि फ्रीज आल्यावर क्रॉकची गरज संपत गेली.

निळ्या चित्रावरून किंमत ठरवण्याची सवय मला अपुरी वाटते. दक्षिण कॅरोलायनातल्या एजफील्डच्या भांड्यांवर ते निळं काम नसतं. तिथे लाकडाची राख किंवा चुना वापरून हिरवट-तपकिरी झिलई देत, आणि कष्ट बहुतांशी गुलाम माणसांचे असत. त्यांतलाच एक डेव्हिड ड्रेक. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं १८३४ मध्ये तिथे कायद्याने गुन्हा ठरलं. तरी हा माणूस ओल्या मातीवर 'डेव्ह' अशी सही करी, तारीख घाली, दोन ओळींची कविता कोरी. १८५७ च्या एका रांजणावर तो विचारतो, माझे सारे नातलग कुठे असतील? घराण्यांच्या शिक्क्यांनी भरलेल्या या इतिहासात घडवणाऱ्याचा स्वतःचा आवाज इतका स्पष्ट क्वचितच ऐकू येतो. त्याचा १८५८ चा २५ गॅलनचा, म्हणजे सुमारे ९५ लिटरचा रांजण २०२१ च्या लिलावात १५ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. तो अर्कान्सामधल्या क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयाने घेतला.