हिरड्याचा तुरटपणा आणि पायातली वहाण

सारंगखेड्याच्या यात्रेत चपलांचा एक विक्रेता एका म्हाताऱ्या बाबांना छातीठोक सांगत होता, ‘‘बाबा, आंगमानी उष्णता खेची लेस ही चप्पल!’’ म्हणजे चप्पल अंगातली उष्णता ओढून घेते. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, आणि ते चूक आहे. उष्णता तापलेल्या वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा डांबर आपल्या अंगापेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं. म्हणजे उष्णता वर येते, खाली जात नाही. जाड चामडं ती अडवतं, घाम शोषतं, म्हणून पायाला बरं वाटतं.

चपलेची खरी करामत वेगळीच आहे. ती सडत का नाही?

कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन. तीन साखळ्यांचा दोरासारखा पीळ, लांबी ३०० नॅनोमीटर, जाडी जेमतेम दीड. ओल्या कातड्यात या पिळांच्या मधे पाणी असतं आणि त्यातूनच जिवाणूंची विकरं (एन्झाइम) आत शिरून दोर कुरतडतात. नुसतं वाळवलं तर पीळ एकमेकांना चिकटून कातडं पत्र्यासारखं ताठ होतं, आणि भिजलं की पुन्हा सडतं.

आता हिरड्याचा तुकडा चावून बघा. तोंड आवळतं, जीभ खरखरीत होते, कारण हिरड्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं. कच्च्या केळ्यातही तेच असतं, केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलकडे हे सांगायला नको. कातडं कमावताना हेच घडतं. चुन्यात ठेवून केस काढलेलं कातडं बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कित्येक आठवडे मुरतं. पाणी आधी पातळ, मग दाट. सुरुवातीलाच दाट दिलं तर वरचा थर लगेच पक्का होऊन वाट बंद होते आणि गाभा कच्चा राहतो. टॅनिनच्या रेणूवरचे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) कोलॅजेनच्या साखळीतले दुवे जोडणाऱ्या पेप्टाइड बंधातल्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध जोडतात. एकेक बंध दुबळा, पण असतात असंख्य. पिळांमधली पाण्याची जागा टॅनिन घेतं, विकरांना शिरकाव उरत नाही. ओलं कच्चं कातडं साधारण ६०-६५ अंशांना आक्रसतं, असं कमावलेलं ७५-८५ पर्यंत तग धरतं. क्रोमियमने कमावलेलं शंभरच्याही पुढे जातं, कारण तिथले बंध निराळे, अधिक घट्ट. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांनी हे रसायनशास्त्र पिढ्यान्‌पिढ्या हाताच्या अंदाजाने सांभाळलं, याचं मला फार अप्रूप आहे.

नव्या चपलेने पहिल्या पावसात पायावर तपकिरी डाग पडतात ना? ते न बांधलं गेलेलं टॅनिन.

आर्मेनियातल्या एका गुहेत २००८ साली एकाच कातड्यातून शिवलेला सुमारे ५५०० वर्षांपूर्वीचा जोडा सापडला. आत गवत भरलेलं, वर शेणाचा थर, हवा कोरडी. अमेरिकेत ओरेगॉनच्या फोर्ट रॉक गुहेतल्या सालीच्या विणलेल्या चपला तर ९००० वर्षांहून जुन्या. दोन्हीकडे कोरडेपणाने राखण केली. आपल्या पावसाळ्यात त्याचा काय भरवसा?

आणि फिट आलेल्या माणसाच्या नाकाशी चप्पल धरू नका. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, श्रेय मात्र चप्पल घेते. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा.

भिजलेली वहाण उन्हात टाकू नका. सावलीत सुकू द्या आणि थोडी दमट असतानाच एरंडेलाचा हात फिरवा. पाणी निघून जाताना तेल धाग्यांमधे शिरतं, मग चामडं तडकत नाही.