डिजिटल रेडिओची जाहिरात आणि न सांगितलेले गणित

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खासगी रेडिओ केंद्रांच्या डिजिटल प्रक्षेपणाविषयी शिफारशी जाहीर केल्या. सुरुवातीला ज्या तेरा शहरांचा विचार झाला आहे, त्यांत मुंबई, पुणे आणि नागपूर आहेत. ही बातमी कानावर पडली, की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘म्हणजे आता आवाज अगदी सीडीसारखा स्वच्छ येणार का?’ या प्रश्नात दोन गैरसमज दडलेले आहेत. पहिला असा, की डिजिटल रेडिओच्या लहरी काही वेगळ्या जातीच्या असतात. दुसरा असा, की जे डिजिटल ते आपोआप सुस्वर. हे दोन्ही समज लोकांच्या मनात आपसूक उगवलेले नाहीत. त्यांची लागवड रेडिओ व्यवसायाने स्वतः केली, आणि ती कशी केली हे पाहायचे तर ब्रिटनकडे वळावे लागते.

लहरींचे आधी उरकून घेऊ. अँटेनातून बाहेर पडते ती विद्युतचुंबकीय लहर, मग केंद्र मध्यम लहरींचे असो, एफएमचे असो वा डिजिटल. डिजिटल असतो तो लहरीवर लादलेला निरोप. पत्र मोडीत लिहिले म्हणून टपालाची गाडी बदलत नाही. तरीही डिजिटल लहरी अंगाला बाधतात, असे निरोप मोबाइलवर फिरत राहतात आणि त्यावर उतारा म्हणून फोनला चिकटवायच्या चिपा विकल्या जातात. २०२० मध्ये तर शेणाची चिप किरणोत्सर्ग कमी करते, असा दावा एका सरकारी व्यासपीठावरून झाला होता. चिपेने लहरी खरोखरच अडवल्या, तर फोन लागणार नाही, आणि फोन लागत असेल, तर चिपेने काहीही अडवलेले नाही. एवढा विचार केला तरी या विषयाला पुरेसा आहे.

युरोपात डॅब या नावाने ओळखली जाणारी डिजिटल रेडिओ पद्धत १९८७ मध्ये सुरू झालेल्या युरेका १४७ या प्रकल्पातून घडली. बीबीसीने २७ सप्टेंबर १९९५ रोजी या पद्धतीने प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा ते ऐकू शकेल असा संच सामान्य घरात नव्हता. १९९६ च्या प्रसारण कायद्याने खासगी केंद्रांपुढे एक आमिष ठेवले: जे डिजिटल प्रक्षेपण करतील, त्यांच्या जुन्या परवान्यांची मुदत वाढवून मिळेल. म्हणजे ज्या व्यवसायाने पुढे श्रोत्यांना डिजिटलची गोडी लावायची होती, तो स्वतःच परवान्याच्या ओढीने या वाटेला लागला होता. १५ नोव्हेंबर १९९९ रोजी खासगी केंद्रांचे राष्ट्रीय जाळे सुरू झाले आणि पहिल्या संचांच्या किमती शेकडो पौंडांत होत्या. स्वयंपाकघरात दहा पौंडांचा रेडिओ सुखाने बोलत असताना लोकांनी हा खर्च का करावा, याचे उत्तर जाहिरातीने दिले: सीडीसारखा आवाज.

हे वचन तपासायला शाळेतला गुणाकार पुरतो. सीडीवर एका सेकंदाच्या ध्वनीसाठी ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुन्यात १६ बिट आणि डावा-उजवा असे दोन मार्ग असतात, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख ११ हजार बिट होतात. डॅबवरील बहुसंख्य संगीत केंद्रांना मिळत होते सेकंदाला १ लाख २८ हजार, म्हणजे जेमतेम अकरावा हिस्सा. मोठ्या आवाजामागे झाकले जाणारे बारीक आवाज कानाला जाणवत नाहीत, या तत्त्वावर बराच भाग निर्धोकपणे गाळता येतो हे खरे. परंतु ध्वनी दाबण्याची तेव्हाची पद्धत जुनी होती, एवढ्या थोड्या बिटांत ती सतार किंवा व्हायोलिन नीट सांभाळू शकत नसे, आणि चांगल्या संचावर एफएम ऐकणाऱ्या कानांनी ते लगेच ओळखले.

मग या पद्धतीत खरी कमाल होती कुठे? ती आवाजाच्या गुणवत्तेत नव्हतीच, ती होती प्रतिध्वनीवर मात करण्यात, आणि या कल्पनेवर माझा इतका जीव आहे, की वाचकाने इथे थोडा धीर धरावा, ही विनंती.

विजापूरच्या गोलघुमटात उभे राहून भरभर बोलले, तर प्रत्येक अक्षरावर आधीच्या अक्षरांचे पडसाद आदळतात आणि अर्थ हरवतो. रेडिओ लहरीचेही तसेच होते. टेकड्या, इमारती, पूल यांवर आपटून एकच लहर निरनिराळ्या वाटांनी संचापर्यंत पोहोचते, आणि धावत्या मोटारीत या वाटा क्षणोक्षणी बदलतात. एफएमवर यामुळे खरखर होते. डिजिटल निरोपाचे मात्र पार पीठ होऊ शकते. सेकंदाला सुमारे १५ लाख चिन्हे, म्हणजे निरोपाचे छोटे तुकडे, एकामागोमाग एक पाठवली, तर प्रत्येक चिन्हाच्या वाट्याला मायक्रोसेकंदाचा दोन तृतीयांश भाग येतो. एवढ्या वेळात लहर २०० मीटर जाते, म्हणजे २०० मीटरचा वळसा घालून आलेला पडसाद थेट पुढच्या चिन्हावर चढतो आणि २० किलोमीटरचा वळसा घेतलेला पडसाद शंभर चिन्हे ओलांडून गोंधळ घालतो.

गोलघुमटात यावर उपाय एकच असतो: सावकाश बोलावे. पण सावकाश बोलले तर निरोप संपायचा केव्हा? डॅबचे उत्तर असे, की एकाने भरभर बोलण्याऐवजी १,५३६ जणांनी एकाच वेळी, प्रत्येकाने आपापल्या सुरात, अगदी सावकाश बोलावे. १,५३६ वाहक लहरी एकमेकींपासून बरोबर १ किलोहर्ट्झ अंतरावर ठेवल्या जातात आणि प्रत्येक लहर आपले एक चिन्ह पूर्ण १ मिलिसेकंद धरून ठेवते.

इतके सूर एकत्र आले तर ते वेगळे कसे काढायचे, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर तबला शिकलेल्या माणसाला चटकन पटेल. एकाच आवर्तनात एकाने ठाय, दुसऱ्याने दुगुन, तिसऱ्याने तिगुन आणि चौथ्याने चौगुन वाजवली, तरी समेवर सगळे एकत्र येतात, कारण प्रत्येकाची आवर्तने त्या काळात पूर्ण संख्येत बसतात. एक मिलिसेकंद हे आपले मोठे आवर्तन मानले, तर १ किलोहर्ट्झच्या अंतरावरील लहरींची त्यात पूर्ण आवर्तनेच बसतात, कोणाचे अर्धेमुर्धे उरत नाही. आता संचाने आलेल्या सगळ्या मिश्रणाला एका विशिष्ट लहरीने गुणून त्या मिलिसेकंदभर बेरीज केली, की इतर प्रत्येक लहरीची वर-खाली बाजू तंतोतंत फिटते आणि तिची बेरीज शून्य येते. उरते ती फक्त शोधलेली लहर. गणितात या नात्याला लंबता म्हणतात. काटकोनातील दोन रेषांची एकमेकींवर सावली पडत नाही, तसेच हे.

तरी पडसाद शिल्लक आहेच. मिलिसेकंदाच्या सुरुवातीला आधीच्या चिन्हाचे शेपूट लोंबकळत राहणार. म्हणून प्रत्येक चिन्हाच्या आधी २४६ मायक्रोसेकंदांचा राखीव काळ जोडलेला असतो. यातली खरी गंमत अशी, की हा काळ रिकामा ठेवत नाहीत. चिन्हाच्या शेवटचा तेवढाच तुकडा कापून त्याची नक्कल पुढे लावतात. आवर्तनाचा शेवट सुरुवातीला असा सहज जुळतो, त्यामुळे मोजणी कुठूनही सुरू केली, तरी एक पूर्ण आवर्तन हाती लागते. उशिरा आलेला पडसाद म्हणजे तेच आवर्तन जरा सरकवलेले असते. संच राखीव काळ टाकून देतो आणि उरलेल्या मिलिसेकंदात मूळ लहर व तिचा पडसाद या दोघांचीही आवर्तने पूर्णच भरतात, त्यामुळे लंबता मोडत नाही. जो शत्रू होता तो आता सिग्नलची ताकद वाढवू लागतो. काही लहरी पडसादामुळे विझतातच, पण निरोप आधीच सगळ्या लहरींवर आणि सुमारे ३८४ मिलिसेकंदांच्या काळात विखुरलेला असतो व त्यात दुरुस्तीसाठी जादा बिट मिसळलेले असतात. त्यामुळे गळालेले तुकडे भरून काढता येतात.

२४६ मायक्रोसेकंदांत लहर सुमारे ७४ किलोमीटर जाते. याचा अर्थ असा, की शेजारच्या मनोऱ्यावरून नेमक्या त्याच वारंवारतेवर तोच निरोप पाठवला, तर संचाला तो दुसरे केंद्र न वाटता केवळ पडसाद वाटतो. एफएमवर शेजारच्या मनोऱ्यांना निरनिराळ्या वारंवारता द्याव्या लागतात. डॅबवर अख्खा देश एकाच पट्ट्यात बसवता येतो आणि १.५ मेगाहर्ट्झच्या त्या पट्ट्यात वरील दर्जाची नऊ केंद्रे मावतात. हा शोध म्हणजे जागेची काटकसर होती. तिचा पहिला फायदा प्रक्षेपकाला आणि सरकारला मिळणार होता, श्रोत्याला मिळणार होता तो त्यांच्यामार्फत, अधिक केंद्रांच्या रूपाने. पण ‘आमची जागा आणि वीज वाचते, म्हणून तुम्ही नवा रेडिओ घ्या’ असे जाहिरातीत कोण सांगणार?

किंमत आणि बॅटरीचे दुखणेही याच गणितातून आले. संचाला सेकंदाला सुमारे ८०० वेळा ती सगळी बेरीज करावी लागते. १९९० च्या दशकात हे पेलणारी चिप महाग होती आणि सेल भराभर खात असे. २००२ मध्ये इव्होक-१ नावाचा संच ९९ पौंडांना आला, तेव्हा विक्रीला पहिल्यांदा वेग आला. त्याचे रूप पाहण्यासारखे होते: मेपलच्या लाकडाचे आवरण आणि एकच स्पीकर, आजोबांच्या कपाटावरून उतरवल्यासारखा. नवे तंत्र लोकांच्या गळी उतरवण्यासाठी ते जुन्या पेटीत घालावे लागले, यात कारखानदाराची चतुराई होती आणि श्रोत्याच्या मनाची अचूक जाणही.

हळूहळू व्यवसायाच्या लक्षात आले, की लोक आवाजासाठी नव्हे, केंद्रांसाठी येतात. मार्च २००२ मध्ये सुरू झालेले बीबीसीचे ६ म्युझिक एफएमवर नव्हतेच. २०१० मध्ये बीबीसीच्या व्यवस्थापनाने ते बंद करण्याचा प्रस्ताव मांडला, श्रोत्यांनी गदारोळ केला, बीबीसीवर देखरेख ठेवणाऱ्या बीबीसी ट्रस्टने जुलैमध्ये प्रस्ताव नाकारला आणि पुढे त्या केंद्राचे साप्ताहिक श्रोते २० लाखांच्या पलीकडे गेले. बंद करण्याच्या धमकीने झाली तेवढी जाहिरात पैसे मोजून झाली नसती. आणखी एक किस्सा तर मोहिमा आखणाऱ्यांना खाली मान घालायला लावणारा आहे. जानेवारी २००८ मध्ये राष्ट्रीय जाळ्यावरील एक केंद्र बंद पडले आणि रिकाम्या जागेत चाचणीसाठी पक्ष्यांच्या किलबिलाटाचे ध्वनिमुद्रण लावून ठेवले गेले. त्यालाच श्रोते लाभले, आणि २००९ मध्ये तिथे नवे केंद्र आले तेव्हा लोक हळहळले.

मोहिमांना तोटा नव्हता. जून २००९ च्या ‘डिजिटल ब्रिटन’ अहवालाने २०१५ अखेर डिजिटलकडे वळण्याचे लक्ष्य ठेवले आणि त्यासाठी निम्मे श्रवण डिजिटल व्हावे, अशी अट घातली. २०१० मध्ये जुना रेडिओ देऊन नव्यावर सवलत घेण्याची योजना आली. २०१२ मध्ये डी लव्ह नावाचे, सोल या अमेरिकी संगीतप्रकारातील गायकाच्या थाटातले एक पात्र ‘रेडिओवर प्रेम असेल तर डिजिटल व्हा’ असे सांगत जाहिरातींतून फिरू लागले. डिसेंबर २०१३ मध्ये मंत्र्यांनी वेळ अजून आलेली नाही असे सांगितले, आणि पन्नास टक्क्यांचा उंबरठा ओलांडला गेला तो २०१८ च्या पहिल्या तिमाहीत, ५०.९ टक्क्यांनी. त्यात इंटरनेटवरचे आणि टीव्हीवरचे ऐकणेही धरलेले होते. डॅब मुळात मोटारींतील श्रवण डोळ्यांपुढे ठेवून घडवले गेले, पण मोटारींतच ते सर्वांत उशिरा पोहोचले. अखेरीस युरोपीय संघाने डिसेंबर २०२० पासून नव्या मोटारींच्या रेडिओत डिजिटल सोय सक्तीची केली.

जाहिरातीने सांगितल्या नाहीत अशा दोन गोष्टी श्रोत्यांनी स्वतः शोधून काढल्या. बीबीसीचे तास दाखवणारे सहा ठोके डिजिटल संचावर काही सेकंद उशिरा पडतात, कारण ध्वनी दाबणे, विखुरणे आणि पुन्हा गोळा करणे याला वेळ लागतो. दुसरी गोष्ट डोंगराच्या कड्यासारखी आहे. एफएम दुबळे झाले की खरखरत का होईना बोलत राहते, पण डिजिटलची दुरुस्ती एका मर्यादेपर्यंत बिनबोभाट चालते आणि त्यापुढे आवाज चिखलातल्या बुडबुड्यांसारखा होऊन गडप होतो. जिथे खरखरत्या एफएमवर बातम्या ऐकायची सवय होती, तिथे ही ‘सुधारणा’ शांततेच्या रूपाने पोहोचली.

नॉर्वेने मनधरणी सोडून सरळ बटण दाबले. ११ जानेवारी २०१७ रोजी बोडो इथून राष्ट्रीय केंद्रांचे एफएम बंद होऊ लागले आणि डिसेंबरपर्यंत देशभर बंद झाले. आदल्याच महिन्यातील एका पाहणीत ६६ टक्के लोक विरोधात होते. तरी तिथे सरकारी युक्तिवाद निदान प्रामाणिक होता: डोंगर आणि फ्योर्डांच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या खाड्यांच्या, देशात एफएमचे जाळे चालवण्याचा खर्च डॅबच्या आठपट येतो, आणि एफएमवर पाच राष्ट्रीय केंद्रे बसतात तिथे डॅबवर बावीस बसतात.

आपल्याकडे आकाशवाणीने मध्यम लहरींसाठी डीआरएम ही डिजिटल पद्धत निवडली. तिचा पाया तोच आहे, फक्त मापे मोठी आहेत. आयनांबर या वातावरणातील उंचावरच्या थरावरून परावर्तित होऊन येणाऱ्या लहरींसाठी तिच्या एका प्रकारात राखीव काळ ५.३३ मिलिसेकंद आहे, म्हणजे १,६०० किलोमीटरचा वळसाही पचतो. देशात डीआरएमचे तीसहून अधिक प्रक्षेपक उभे राहिले, पण परवडणारा घरगुती संच दुकानात दिसत नाही. संच आहेत ते मोटारींत, गेल्या काही वर्षांत विकल्या गेलेल्या लाखो गाड्यांच्या पडद्याआड. नियामकाच्या नव्या शिफारशीत एफएमच्या एकाच वारंवारतेवर जुने प्रक्षेपण आणि त्यासोबत तीन डिजिटल वाहिन्या चालवायची सोय आहे, त्यामुळे जुना रेडिओ फेकून देण्याची वेळ लगेच येणार नाही. मुंबई-पुणे रस्त्यावर अशी मोटार चालवणाऱ्याने बोगद्याबाहेर पडल्यावर मध्यम लहरींचा पट्टा एकदा उघडून पाहावा. तिथे डीआरएमची अक्षरे उमटली, तर १९८७ पासून चाललेली ही सारी खटपट गाडीच्या किमतीतच आपल्याकडे आलेली आहे, आणि ती विकणाऱ्याने तिचा उल्लेखही केला नव्हता, हे त्याला कळेल.