हवाईचा शेकाट्या व ब्लॅकबर्नचा पतंग

हवाई बेटांवरील दोन संकटग्रस्त प्राणी. पहिला उथळ पाण्यात चालणारा पक्षी, दुसरा स्फिंजिडी कुलातील मोठा पतंग. सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या काठी लांब गुलाबी पायांनी चिखल तुडवणारा शेकाट्या हा पहिल्याचा जवळचा नातलग होय. तिळाची पाने खाणारी, मागच्या टोकाला शिंग असलेली जाड अळी दुसऱ्याच्या कुलातील आहे.

दोघांचीही स्वतंत्र जाती म्हणून मान्यता वादग्रस्त राहिली. स्टेनेगर यांनी 1887 मध्ये हवाईच्या पक्ष्याला स्वतंत्र जातीचे नाव दिले. पुढे बहुतेकांनी त्याला अमेरिकेतील काळ्या मानेच्या शेकाट्याची उपजाती मानले, तर काही अभ्यासक जगभरातील बहुतेक शेकाटे एकाच जातीत घालतात. मानेवरचा काळा रंग अधिक खाली व पुढे उतरलेला असणे, तसेच चोच व पाय अधिक लांब असणे हे भेद स्थिर असल्याने उपजातीचे मत अधिक ग्राह्य वाटते. बटलर यांनी 1880 मध्ये वर्णन केलेला पतंगही काही काळ अमेरिकेतील टोमॅटोवरील पतंगाचे एक रूप समजला जात असे. रिओट यांच्या 1986 च्या अभ्यासानंतर त्याची स्वतंत्र जाती मान्य झाली. हा वाद केवळ नावापुरता नाही. अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींविषयीच्या 1973 च्या कायद्यानुसार पृष्ठवंशी प्राण्याच्या एखाद्या वेगळ्या समूहालाही संरक्षण मिळू शकते. कीटकाला मात्र निदान उपजातीचा दर्जा असावा लागतो.

पक्षी 1970 मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्तांच्या यादीत आला. 2021 मध्ये त्याला कमी धोक्याच्या वर्गात आणण्याचा प्रस्ताव मांडला गेला. पाणथळ जागा बुजवल्या जाणे आणि माणसाने आणलेली मुंगसे, उंदीर व मांजरे यांनी अंडी-पिल्ले खाणे ही त्याच्या ऱ्हासाची प्रमुख कारणे आहेत.

पतंग नष्ट झाला असे मानले जात असतानाच 1984 मध्ये माउई बेटावर पुन्हा सापडला, आणि 2000 साली यादीत आलेला तो हवाईचा पहिला कीटक ठरला. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे 12 सेंमी. असतो व पोटाच्या प्रत्येक बाजूस पाच नारिंगी ठिपके असतात. नोथोसेस्ट्रम ही त्याच्या अळीची मूळ खाद्यवृक्षांची प्रजाती दुर्मिळ झाल्यामुळे अळी आता बाहेरून आलेल्या, तंबाखूच्या प्रजातीतील एका झुडपावरही वाढते. त्यामुळे हे तण काढण्यापूर्वी त्यावर अळ्या किंवा अंडी आहेत का, हे पाहावे लागते. प्रौढ पतंग ज्या फुलांतील मध घेतो, त्यांत आपल्याकडे औषधी म्हणून परिचित असलेल्या पांढऱ्या चित्रकाचाही समावेश होतो.