वैद्यकीय प्रमुख नेमण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणाऱ्या मागणीपत्रांत एक वाक्य हमखास असतं : 'उमेदवार सर्वांना सांभाळून घेणारा असावा.' पदवी, अनुभव, भाषा या रकान्यांना आम्ही हात लावत नाही. त्यातलं तुमचं तुम्हाला कळतं. हे वाक्य मात्र पहिल्याच भेटीत खोडायला सांगतो. पुष्कळांना ते रुचत नाही. दर वेळी तोंडी समजावण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावं, म्हणून हे पत्रक.

रुग्णालयं, औषध कंपन्या आणि वैद्यकीय उपकरणं बनवणारे उद्योग यांना आम्ही वरिष्ठ वैद्यकीय अधिकारी शोधून देतो. त्याचबरोबर त्या पदाची कामं आणि अधिकार कागदावर आणून देतो. ग्राहक येतात ते पहिल्या कामासाठी. करावं लागतं आधी दुसरं.

पाटीवरून काम ओळखू नका

मेडिकल डायरेक्टर, चीफ मेडिकल ऑफिसर, मेडिकल सुपरिंटेंडेंट, मेडिकल अफेअर्स हेड. नावं भरपूर आहेत आणि एकाच नावाखाली दोन संस्थांत अगदी वेगळी कामं चालतात. ढोबळ फरक असा : रुग्णालयातला वैद्यकीय प्रमुख आपल्या छताखाली कोण काय उपचार करतंय आणि ते कसे होताहेत याला जबाबदार असतो. औषध कंपनीतला प्रमुख आपल्या औषधाबद्दल बाहेर जे बोललं जातं ते खरं आहे ना, आणि औषधाबद्दल बाहेरून जे कानावर येतंय त्याची दखल घेतली जातेय ना, हे पाहतो. विमा कंपन्यांतही असं पद असतं, पण तिथे आमचा वावर कमी, त्यामुळे त्याबद्दल इथे लिहिलेलं नाही.

रुग्णालयात

रजेचे अर्ज, ड्यूटीचे तक्ते, बिलावरून चिडलेले नातेवाईक हे सगळं वैद्यकीय प्रमुखाच्या टेबलावर येतंच आणि दिवस खाऊन टाकतं. यातलं बरंचसं काम एखादा चांगला प्रशासक अधिक नीट करील. डॉक्टरच हवा अशी कामं थोडी आहेत.

त्यातलं सर्वांत अवघड म्हणजे कोणत्या डॉक्टरला कोणत्या उपचाराची मुभा द्यायची ते ठरवणं. पदवी तपासणं सोपं असतं. विद्यापीठाला आणि नोंदणी परिषदेला विचारलं की उत्तर मिळतं. मुभेचं तसं नाही. समजा एक नावाजलेले सर्जन तुमच्याकडे यायला तयार आहेत. त्यांच्यामागून त्यांचे रुग्णही येणार आहेत. ते सहज म्हणतात, 'रोबोटिक शस्त्रक्रियाही सुरू करू.' पदवी अस्सल, नाव मोठं. पण अशा शस्त्रक्रिया त्यांनी आजवर किती केल्या? कुणाच्या देखरेखीखाली? इथल्या पहिल्या काही शस्त्रक्रियांना शेजारी कोण उभं राहणार? अडचण आली तर उघडी शस्त्रक्रिया करायची तयारी खोलीत असणार का? दिलेली मुभा पुन्हा कधी तपासणार? हे प्रश्न विचारायला मालकाला संकोच वाटतो, विश्वस्तांना तर वाटतोच वाटतो. वैद्यकीय प्रमुखाला तो वाटून चालत नाही. सर्वांना सांभाळून घेणारा माणूस नेमका इथे सही करून मोकळा होतो.

दुसरं काम मृत्यू आणि गुंतागुंतींच्या आढाव्याचं. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांचं म्हणणं होतं की प्रत्येक रुग्णाचा उपचारानंतर निदान वर्षभर माग ठेवावा आणि गुण आला नसेल तर का आला नाही ते लिहावं. स्वतःच्या छोट्या रुग्णालयात १९११ ते १९१६ या काळात त्यांनी घरी सोडलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब मांडला आणि त्यात झालेल्या १२३ चुका छापून प्रसिद्ध केल्या. स्वतःच्या रुग्णालयाच्या, स्वतःच्या नावानिशी! हे व्यवसायबंधूंना मानवलं नाही, हे वेगळं सांगायला नको. आज आढावा बैठक बहुतेक रुग्णालयांत असते. कॉडमन यांचा मोकळेपणा तिच्यात क्वचित दिसतो.

या बैठकीबद्दल आमचा एक साधा सल्ला असतो. सर्वांत कनिष्ठ माणसाला आधी बोलू द्या. रात्रपाळीची परिचारिका, मग निवासी डॉक्टर, मग सल्लागार डॉक्टर, आणि प्रमुख सगळ्यांत शेवटी. प्रमुखांनी तोंड उघडल्यावर 'तसं काही नव्हतं' एवढंच ऐकू येतं.

औषधसूची ठरवणं, प्रतिजैविकांच्या वापरावर लक्ष ठेवणं ही कामं समितीमार्फत होतात. त्यांची घडी बसली की बरीच सुरळीत चालतात.

चेकलिस्टबद्दल मात्र थोडं सविस्तर, कारण 'आमच्याकडे चेकलिस्ट आहे' हे वाक्य आम्ही फार ऐकतो. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी तयार केली : रुग्ण तोच ना, बाजू तीच ना, कशाची ॲलर्जी आहे का, प्रतिजैविक वेळेवर दिलं का, शेवटी सुया आणि स्पंज मोजले का. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले आणि गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ती जवळपास सगळीकडे लागू झाली. तिथल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. मृत्यू ०.७१ टक्क्यावरून ०.६५ टक्क्यावर. म्हणजे संख्याशास्त्राच्या भाषेत फरक नाहीच.

यादी तीच, मग असं का झालं, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. आम्ही त्यातून घेतो ते एवढंच : यादीवर खुणा करायला थांबावं लागत नाही. शस्त्रक्रियागृहात दोन मिनिटं हात थांबतात की परिचारिका एका कोपऱ्यात आपली भराभर खुणा करत सुटते, हे कागद पाहून कळत नाही. प्रमुखाला अधूनमधून न सांगता आत जाऊन उभं राहावं लागतं. उमेदवाराला आम्ही विचारतो, 'यापूर्वीच्या नोकरीत असं शेवटचं कधी गेला होता?' उत्तरापेक्षा उत्तराला लागलेला वेळ बोलका असतो.

औषध कंपनीत

थॅलिडोमाइडची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये बाजारात आलेलं हे शामक औषध गर्भारपणातल्या मळमळीवरही दिलं जाऊ लागलं, अनेक देशांत पसरलं, आणि १९६१च्या अखेरीस मागे घेतलं जाईपर्यंत जगभरात हजारो मुलं हातापायांत गंभीर व्यंग घेऊन जन्मली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अन्न व औषध प्रशासनात नुकत्याच रुजू झाल्या होत्या. सप्टेंबर १९६० मध्ये तिथल्या एका कंपनीचा हे औषध विकण्याच्या परवानगीसाठी अर्ज आला, तेव्हा सुरक्षिततेचा पुरावा अपुरा आहे म्हणून त्यांनी तो अडवून धरला आणि दबावाला बधल्या नाहीत. केल्सी यांचं कौतुक योग्यच आहे. आमच्या ग्राहकांनी मात्र त्याच गोष्टीतला दुसरा, कमी सांगितला जाणारा भाग वाचावा.

परवानगी मिळालेली नसतानाच अमेरिकेतल्या या कंपनीने 'चाचणी' म्हणून हजाराहून अधिक डॉक्टरांना २५ लाखांवर गोळ्या वाटल्या होत्या. या वाटपाची आखणी विक्रीच्या अंगाने झाली होती. निष्कर्ष कळवले नाहीत तरी चालेल, असं डॉक्टरांना सांगण्याची सूचना विक्री प्रतिनिधींना होती. पुढे औषध घातक असल्याचं उघड झालं, तेव्हा कोणत्या गोळ्या कोणत्या रुग्णाच्या हाती गेल्या हे शोधणं कठीण झालं, कारण नोंदी धड नव्हत्याच. त्या कंपनीत डॉक्टर नव्हते असं नाही. लगाम त्यांच्या हाती नव्हता. १९६२ मध्ये अमेरिकेत कायदा बदलला आणि औषध गुणकारी असल्याचा पुरावा व चाचणीतल्या माणसाची संमती या अटी आल्या.

वैद्यकीय विभाग विक्रीपासून वेगळा ठेवतात त्यामागे हा असा इतिहास आहे. डॉक्टरांशी विज्ञानाबद्दल बोलणारी वेगळी माणसं नेमण्याची पद्धत १९६७ मध्ये अपजॉन या कंपनीने सुरू केली आणि मग ती सर्वत्र पसरली. हल्ली त्यांना एमएसएल (मेडिकल सायन्स लायझन) म्हणतात. दोघंही डॉक्टरांच्या दाराशी जातात, त्यामुळे त्यांच्यात आणि विक्री प्रतिनिधींत फरक काय, असं ग्राहक विचारतात. उदाहरणाने सांगतो. एखाद्या डॉक्टरने विचारलं, 'हे औषध लहान मुलांना चालेल का?' आणि मंजूर माहितीपत्रकात मुलांचा उल्लेखच नाही. विक्री प्रतिनिधीने इथे उत्तर द्यायचं नाही. प्रश्न वैद्यकीय विभागाकडे जातो. तिथून उत्तर जातं ते विचारलेल्या प्रश्नापुरतं, अनुकूल आणि प्रतिकूल दोन्ही अभ्यासांसह, आणि त्याची नोंद राहते. हे नीट चालायचं तर वैद्यकीय विभागातल्या माणसांचा बोनस औषधाच्या खपाला जोडलेला असता कामा नये. तो जोडलेला असेल, तर उरलेली सगळी नियमावली शोभेची.

जाहिरातीतल्या प्रत्येक दाव्यावरही या विभागाची सही लागते. 'अधिक सुरक्षित' असं छापायचं तर कशापेक्षा, कोणत्या अभ्यासात, किती रुग्णांत? छपाईची तारीख जवळ आली की या प्रश्नांचा सगळ्यांना राग येतो.

दुष्परिणामांच्या नोंदीचं एक वैशिष्ट्य नव्या ग्राहकांना धक्का देतं. तक्रार नोंदण्याजोगी ठरायला चारच गोष्टी लागतात : ओळख पटेल असा रुग्ण, कळवणारी व्यक्ती, संशयित औषध आणि घडलेली घटना. औषधामुळेच घडलं, हे सिद्ध होण्याची वाट पाहायची नसते. क्लिनिकल चाचणीत संशयित औषधामुळे अनपेक्षित मृत्यू झाला किंवा जिवावर बेतलं, तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांनुसार ७ दिवसांत नियामकाला कळवावं लागतं. बाकी गंभीर आणि अनपेक्षित घटनांना १५ दिवस. आणि हे दिवस मोजायचे ते प्रमुखाच्या टेबलावर कागद आल्यापासून नव्हे, कंपनीतल्या कुणालाही हे कळल्यापासून. शुक्रवारी संध्याकाळी रिसेप्शनवर फोन आला आणि तो सोमवारी पुढे पाठवला, तर तीन दिवस गेले. त्यामुळे आम्ही सुचवलेल्या प्रशिक्षणाच्या यादीत टेलिफोन ऑपरेटर, गोदाम सांभाळणारे, गाडीचालक यांचीही नावं असतात. त्यावर हसणारे ग्राहक आम्हाला भेटले आहेत.

प्रमुख कुणाच्या हाताखाली?

मागणीपत्रात बहुधा न लिहिलेला, पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा रकाना हा.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत मृत्यू जास्त होताहेत, हे भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन यांनी आकडे गोळा करून वारंवार दाखवलं. वर्षानुवर्षं काही हललं नाही. २००१ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाचा अंदाज असा, की १९९१ ते १९९५ या काळात तिथे एक वर्षाखालची ३० ते ३५ मुलं, इतर केंद्रांच्या तुलनेत, जास्तीची दगावली. तक्रार जायची कुणाकडे? ज्यांच्या शस्त्रक्रियांबद्दल शंका होती, त्यांतले एक सर्जनच काही काळ तिथले वैद्यकीय संचालक होते. आणि मुख्य कार्यकारी अधिकारीही पेशाने डॉक्टरच. आपण आता व्यवस्थापक आहोत, उपचारांबद्दलचे निर्णय आपले नव्हेत, असा त्यांचा बचाव होता. १९९८ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने तो मानला नाही. सर्जन आणि कार्यकारी अधिकारी या दोघांचीही नोंदणी रद्द झाली. कार्यकारी अधिकाऱ्यांनी केलेल्या अपिलातही तो निर्णय टिकला. खुर्ची बदलली म्हणून डॉक्टरपण सुटत नाही.

यातून आमच्या मसुद्यात दोन कलमं आली आणि ती आम्ही काढत नाही. पहिलं, वैद्यकीय प्रमुखाला संचालक मंडळापुढे थेट, मुख्य कार्यकाऱ्याला वगळून, बोलता आलं पाहिजे. आणि त्याला पदावरून दूर करायचं तर एकट्या कार्यकाऱ्याच्या सहीने ते होता कामा नये. दुसरं, प्रमुख स्वतः रुग्ण पाहत असेल, तर त्याच्या रुग्णांचा आढावा संस्थेबाहेरच्या माणसाने घ्यायचा.

त्याने रुग्ण पाहावेत का, हाही प्रश्न निघतोच. आमच्या कार्यालयातच यावर एकमत नाही. रुग्ण सोडलेला डॉक्टर दोनेक वर्षांत वॉर्डापासून तुटतो, असं आमच्यातल्या काहींना वाटतं. पुष्कळ रुग्ण पाहणारा प्रमुख आपल्याच सहकाऱ्यांचा स्पर्धक होतो, असं इतरांना. आठवड्यातला एखादा दिवस, इथवर आमची तडजोड झाली आहे.

आम्ही न घेणारी कामं

ज्या पदाचा मोबदला किती खाटा भरल्या, किती शस्त्रक्रिया झाल्या किंवा किती औषध खपलं यावर ठरतो, त्यासाठी आम्ही उमेदवार शोधत नाही. आधीच्या प्रमुखाने राजीनामा दिला असेल, तर त्याच्याशी बोलू दिल्याशिवायही काम सुरू करत नाही. ग्राहकाने सांगितलेलं कारण आणि त्या प्रमुखाने सांगितलेलं कारण यांत फरक असला, तरी चालतो. दोन्ही ऐकायला मिळालेली बरी.

पहिल्या भेटीला येताना

कोण कुणाच्या हाताखाली आहे तो तक्ता आणा, छापील नसेल तर हाताने काढलेला चालेल. गेल्या वर्षी वैद्यकीय कारणावरून संस्थेत एखादी गोष्ट थांबवली गेली असेल, मग ती खरेदी असो, जाहिरात असो, कुणाची नेमणूक असो, तर तिचा पत्रव्यवहार आणा. शेवटच्या तीन आढावा बैठकांची इतिवृत्तंही हवीत. रुग्णांची नावं आधी झाकून ठेवा. बैठका झाल्याच नसतील तर घाईने इतिवृत्तं लिहू नका. तारखांवरून ते आमच्या लक्षात येतं.